कापूस, केळी आणि बुऱ्हाणपूरचा पैसा

बुऱ्हाणपुरात येणारे पाहुणे शाही किल्ला पाहतात, तापी ओलांडून झैनाबादला जातात, मुमताजमहलला पहिल्यांदा पुरले ती आहुखान्याची जागा पाहतात, आणि वेळ उरला तर कुंडी भंडाऱ्यात उतरतात. मला त्यांना शाहपूरच्या रस्त्याने न्यावेसे वाटते. गाव सुटले की दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात, मध्येच कपाशी, मध्येच तूर, आणि दूरवर सातपुड्याची निळी रेघ. किल्ला, हमामखाना, मशिदी, सराया ज्या पैशावर उभ्या राहिल्या तो पैसा या काळ्या जमिनीतून निघाला होता. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात बादशहा पुष्कळ भेटतात, कुणबी आणि माळी फारसे भेटत नाहीत. मला त्यांच्याबद्दल लिहायचे आहे.

मी बुऱ्हाणपूरच्या शाळेत वरच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवले. घरात मराठी, वर्गात हिंदी, बाजारात दोन्ही, असे आमच्या गावचे चालते. विकसनशील देशांच्या आर्थिक वाढीत शेतीचे काय स्थान, हा धडा दरवर्षी यायचा. ब्रूस जॉन्स्टन आणि जॉन मेलर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली त्याची जी मांडणी केली, तीच थोड्याफार फरकाने पाठ्यपुस्तकांत उतरली आहे: शेती शहराला अन्न देते, कारखान्याला माणसे देते, निर्यातीतून परकी चलन आणते, बचतीतून भांडवल पुरवते, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की तोच कारखान्याचा गिऱ्हाईक होतो. मुले हे पाच मुद्दे पाठ करून परीक्षेत उतरवून काढत. त्यातल्या निम्म्या मुलांचे वडील बागेत किंवा मागावर होते. माझे स्वतःचे वडील ताप्ती मिलमध्ये सूतखात्यात आणि मामा शाहपूरला शेतकरी. पाचही मुद्दे माझ्या एका कुटुंबात नांदत होते. पण त्या यादीत एक गोष्ट नव्हती, आणि ती मला पुस्तकाने नाही, या गावाने शिकवली. शेतातून माल निघाल्यानंतरची कामे कुठे होतात, यावर त्या मुलखाचे बरेवाईट ठरते. ती कामे जवळ होत होती तेव्हा बुऱ्हाणपूर वाढले. ती दूर गेली तेव्हा पीक भरघोस येऊनही गाव खंगले.

फारुकी सुलतान नासीरखानाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवले आणि शेख बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचे नाव त्याला दिले. पलीकडच्या काठावरचे झैनाबाद शेख झैनुद्दीनच्या नावाचे. जागा निवडताना त्याने असीरगडाची खिंड बघितली असणार, कारण हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारा रस्ता तिथूनच येतो. पण नुसत्या खिंडीने राजधानी पोसली जात नाही. इथे तापीने आणून टाकलेला खोल गाळ आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा असा थर आहे की डोंगरावर पडलेले पाणी त्यात मुरत जमिनीखालून नदीकडे सरकते. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत या सुभ्याची नोंद करताना ज्वारीबद्दल लिहिले आहे: मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी वर्षातून तीनदा येते, आणि तिचे ताट इतके कोवळे आणि गोड की लोक ते फळासारखे खातात. दरबारी माणसाने करवसुलीच्या आकड्यांत थांबून ज्वारीच्या गोडीची नोंद करावी, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच नोंदीत धरणगावच्या उंची कापडाचाही उल्लेख आहे. ज्वारी पोटाला आणि कापूस बाजाराला, हे जोडगणित तेव्हाच बसले होते.

पुढे अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार होता. त्याच्या काळात, १६१५ साली, सातपुड्याकडून झिरपणारे ते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणण्याचे काम इराणी पद्धतीने झाले. शंभरावर कुंड्या एका ओळीत खोदून खालून एकमेकींना जोडल्या, आणि उतार असा साधला की पाणी कशानेही न उपसता शहरापर्यंत वाहत यावे. हाच आजचा कुंडी भंडारा. २०२४ साली तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. हे पाणी शहरासाठी आणि लष्करासाठी होते, शेतासाठी नव्हते. पण शहरात पाणी आले म्हणजे रंगाऱ्याला, धोब्याला, छिप्याला पाणी आले, आणि कापडाच्या धंद्यात कापसाच्या खालोखाल पाणीच लागते.

त्या काळच्या एका तलम ओढणीचा प्रवास मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. कापूस आसपासच्या शिवारातला. सरकी काढायला लाकडी चरखी, मग पिंजारी. सूत गावोगावच्या बाया घरी कातत. ते शहरात विणकराकडे येई. लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या लागत, आणि आल हेही नेमाड-वऱ्हाडच्या पट्ट्यात लावले जाणारे पीकच होते. मग छपाई, आणि शेवटी सोन्याचांदीच्या तारेचे कलाबतूचे काम. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की बुऱ्हाणपूरचे पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, मॉस्कोचा मुलूख, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. ओढण्या, बुरखे, रुमाल, त्यांना जरीचे काठ. परदेशी गिऱ्हाईक जी किंमत मोजत होते तिचा तुकडा पिंजाऱ्याकडे, कातणारीकडे, आल पिकवणाऱ्याकडे, विणकराकडे पोचत होता. वाटणी न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. मोठा वाटा व्यापारी आणि सुभेदार नेत. पण कामे इथे होती, एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरात.

या भरभराटीचे पाय किती मातीत होते ते १६३० साली दिसले. बंडखोर सरदार खानजहान लोदीच्या पाठलागासाठी शहाजहान त्या वर्षी बुऱ्हाणपूरला येऊन राहिला, आणि पाऊस आला नाही. गुजरात आणि खानदेश होरपळले. पीटर मंडी हा इंग्रज त्या हिवाळ्यात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेला, आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्रेतांची वर्णने त्याच्या रोजनिशीत पानोपानी आहेत. बादशहाने लंगर उघडले. दर सोमवारी ५,००० रुपये वाटायचा हुकूम झाला, वीस आठवड्यांत १ लाख. खालशाच्या, म्हणजे थेट बादशाही जमिनींच्या, वसुलीतले सुमारे ७० लाख, म्हणजे अकरावा हिस्सा, माफ झाले, असे दरबारी इतिहासकार लाहोरीच्या बादशहानाम्यात आहे. मुमताज १६३१ च्या जूनमध्ये याच शहरात, याच दुष्काळात गेली. तिच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे आणि त्या वर्षी तापीकाठी मेलेल्या कुणब्यांबद्दल इतके थोडे, की ही दोन मरणे एका वाक्यात मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेतकरी मेला, बैल मेले, कातणारी मेली, तेव्हा मागही थांबले. पिकाशिवाय कापडाचा धंदा नाही, हे सिद्ध करायला वेगळा पुरावा नको.

त्यानंतर वीस वर्षांनीही दख्खनच्या सुभ्यांची वसुली वर आली नव्हती. १६५२ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा सुभेदार नेमला गेला तेव्हा गावे ओसाड पडलेली होती. मुर्शिदकुलीखान नावाचा खोरासानी माणूस दिवाण झाला, आधी बालाघाटचा, म्हणजे वरच्या पठाराचा, मग तापीच्या पायनघाटाचा, म्हणजे खालच्या सखल मुलखाचाही. कारभाऱ्यांच्या इतिहासात मला हा माणूस सर्वात जवळचा वाटतो. त्याने जमीन मोजायला लावली, आणि मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून साखळीचे टोक तो स्वतः धरत असे असे सांगतात. ज्यांच्याकडे बैल आणि बियाणे नव्हते त्यांना सरकारातून तगाई दिली, हप्त्याने फेडायची. जिथे मुकादम उरले नव्हते तिथे नवे नेमले. आणि कराचे दर पाण्याप्रमाणे बदलले: पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीवरच्या धान्याचा तिसरा हिस्सा, ऊस-द्राक्षासारख्या खर्चिक पिकाचा त्याहून कमी. म्हणजे जो विहीर खोदील, मेहनतीचे पीक घेईल, त्याच्याकडून कमी घ्यायचे. निम्मा हिस्सा आजच्या डोळ्यांना फार आहे. पण आधी बैल द्या, मग सारा मागा, हा क्रम त्याने पाळला. विकासासाठी शेतीतून भांडवल काढा असे पुस्तके सांगतात. त्यात आधी काही घालावे लागते, हे हा दिवाण साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखून होता.

पुढच्या दोनशे वर्षांवरून मी भरभर जाते. १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेने बहादुरपुऱ्यासह शहराबाहेरचे श्रीमंत पुरे लुटले. पुढे निजाम आला, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर मराठे, मग शिंदे, आणि १८६० च्या सुमारास इंग्रज. दरबार गेला तसे जरीचे गिऱ्हाईक गेले. विणकर मात्र राहिले, आणि उत्तरेकडून आणखी आले.

खरी उलथापालथ रेल्वेने केली. मुंबईहून भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा असा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता १८६० च्या दशकात पडत गेला आणि १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याकडच्या रस्त्याला जोडला गेला. तोच अमेरिकेतल्या यादवीचा काळ. १८६१ ते १८६५ लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, मुंबईत भाव चढले, आणि खानदेश-नेमाड-वऱ्हाडात ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. युद्ध संपले, भाव कोसळले, पण कपाशी हटली नाही. शेतकऱ्याला रोकड लागत होती, सारा रोकड्यात भरायचा होता. जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या, सरकी वेगळी, रुईच्या गाठी बांधलेल्या. पुढचे सगळे मात्र मुंबईत किंवा मँचेस्टरात. कातणारीचे काम गेले, आणि १८६९ नंतर कारखान्यात बनलेला लाल रंग बाजारात आल्यावर आलीचे पीकही गेले. लाल रंग शेतात उगवत होता तो बाटलीत येऊ लागला. मामांना मी एकदा आलीबद्दल विचारले होते. त्यांना झाडही ठाऊक नव्हते, इतके ते शिवारातून पुसले गेले.

म्हणून ताप्ती मिल महत्त्वाची. १९०६, म्हणजे स्वदेशीच्या चळवळीचा भर. लालबागेत, स्टेशनाजवळ, ही गिरणी निघाली, आणि कातण्याचे तुटलेले काम कापसाच्या शिवाराला पुन्हा येऊन मिळाले. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. माझे बालपण तिच्या भोंग्यावर चालले. वडील पाळीवरून यायचे तेव्हा भुवयांवर रुईचे तंतू असायचे, आणि आई आधी पाण्याची बादली पुढे करायची, मग चहा. पगाराच्या दिवशी चौकातल्या किराणावाल्यापासून कासारापर्यंत सगळ्यांना त्याचा वास लागायचा. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी मामा दिवाळीला कापड घेत नसत, आणि कापडवाला गिरणी कामगारांवर तगून राही. उलट, गिरणीत काम कमी झाले की शाहपूरहून पोतेभर ज्वारी, तुरीची डाळ आणि केळीचा एखादा घड आमच्या दारात उतरे. "ताई, पैसे नंतर बघू," मामा आईला म्हणत. शेती आणि उद्योग एकमेकांना कसे धरून असतात ते मी इतके जवळून पाहिले आहे की मला त्याची आकृती काढावी लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मिलची यंत्रे थांबली. मग ती तशीच राहिली.

आता केळी. आमच्या भागाचे आजचे अर्थशास्त्र म्हणजे केळी, आणि हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या रावेर, सावदा, मुक्ताईनगरशी आमचे नाते सरकारी हद्दीपेक्षा केळीने जास्त धरले आहे. मध्य प्रदेशाने 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये बुऱ्हाणपूरसाठी केळीच निवडली. जूनला लावली ती मृगबाग, पावसाळ्यानंतर लावली ती कांदेबाग, आणि पहिला घड कापल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर धरतात ती पिलबाग. मामांच्या काळात बसराई जात लावत, पाटाने पाणी देत आणि गुडघाभर चिखलात उभे राहत. गेल्या तीसेक वर्षांत ठिबकच्या नळ्या आल्या, ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची एकसारखी रोपे आली, आणि बाग वर्षभराच्या आसपास कापणीला येऊ लागली. या बागेला पैसा फार लागतो. रोपे, नळ्या, खत, घडाला आधार, औषधे, सगळे आधी घालायचे. मे-जूनच्या वादळात निसवलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते. विषाणूचा मोझॅक रोग आला की पानांवर पिवळे पट्टे दिसतात आणि रोपे उपटून फेकण्यावाचून इलाज नसतो. तरी शेतकरी केळी सोडत नाही, कारण आठवडी नगद देणारे दुसरे पीक इतक्या थोड्या जमिनीत नाही. आणि एकट्या शेतकऱ्याचे ते पीकही नाही. खकनार, धूळकोटकडचे कोरकू आणि बारेला मजूर कापणीला येतात. घड खांद्यावर वाहणारे, गाडी भरणारे, बोली लावणारे, काटा धरणारे, मंडीबाहेर चहा विकणारे, सगळ्यांचे दिवस त्या एका पिकाला बांधलेले आहेत.

मंडीत रोज सकाळी बोली होते, भाव निघतो, गाड्या भरतात आणि उत्तरेकडे निघतात. इथेच माझे जुने दुखणे पुन्हा वर येते. केळी हिरवी कापतात आणि ती दिल्लीला जाऊन पिकते. पिकवण्याच्या थंड खोल्या तिकडे, वर्गवारी तिकडे, पेट्या तिकडे, डझनाचा भाव तिकडे. १८७० मध्ये रुईची गाठ जशी जात होती तसाच आज घड जातो. चिप्स तळणारे काही कारखाने गावात आहेत. बचतगटांच्या बायका खोडाच्या धाग्यापासून टोपल्या, चटया करतात, आणि त्यांचे काम मी आवर्जून विकत घेते. पण जेवढा माल जातो त्यापुढे हे फार थोडे आहे.

महाराष्ट्रात उसाचे तसे झाले नाही, आणि त्याला मोठे कारण उसाचा स्वभाव हे आहे. कापलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर उतरते, म्हणून कारखान्यालाच उसाकडे यावे लागते. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला, आणि १९५० मध्ये लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला. त्यापाठोपाठ शाळा, दवाखाने, रस्ते. त्या सहकाराचे पुढे जे बिघडले ते बिघडले, मी ते झाकत नाही. पण माल पिकवणाराच माल तयार करणारा होऊ शकतो हे तिथे दिसले. केळीला हिरवी असताना प्रवास सोसतो, आणि हाच तिचा गुण आमच्या मुळावर आला. इथे कुणाला कारखाना काढण्याची निकड भासली नाही.

देशाचे आकडेही हेच सांगतात. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आज तो पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. काम करणाऱ्या माणसांपैकी मात्र शेकडा ४५ च्या घरात लोक अजून शेतीतच आहेत. उत्पन्न पुढे गेले, माणसे मागे राहिली. त्यांना मधल्या पायऱ्या हव्यात: निवडणे, पिकवणे, वाळवणे, भरणे, कातणे, विणणे. या पायऱ्या गावाजवळ असल्या की शेतमजुराची मुलगी घर न सोडता पगारी कामाला लागू शकते. माझ्या वर्गातल्या अशा कित्येक मुली मला आठवतात, ज्यांना दहावीनंतर पुन्हा बागेतच जावे लागले.

आणि पाणी. १६१५ च्या कारागिरांनी ज्या झिरपणाऱ्या पाण्याला अलगद शहराकडे वळवले, त्याच पाण्यावर आता हजारो बोअर चालतात. मामांच्या विहिरीत मी लहानपणी उतरून पाय बुडवलेत. ती कोरडी पडून बोअर झाला, आणि बोअरही खोल खोल गेला. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. तापीचे ३१.१३ टीएमसी पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच मुरमाड पट्ट्यात मुरवायचे, अशी ती योजना आहे. तिची वाट आमच्या लोकांनी फार वर्षे पाहिली. ती झाली तर केळी टिकेल. नुसत्या करारावर विहिरी भरत नाहीत, हे मात्र इथला प्रत्येक शेतकरी तुम्हाला सांगेल.

मामेभावाचा मुलगा आता शाहपूरची शेती पाहतो. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना गावातच पिकवणीच्या खोल्या बांधायच्या आहेत, म्हणजे बुऱ्हाणपूर, खंडवा, इंदूरच्या बाजारात तरी पिकलेला माल त्यांच्या नावाने जाईल. इमारतीचा खर्च त्यांनी जमवला आहे, अडते आहे ते विजेच्या भाराशी आणि कर्जाच्या तारणाशी. कागद वाचायला तो रविवारी माझ्याकडे येतो. मी त्याला सांगितले आहे की अर्जात केळीच्या भावाआधी मजुरांची संख्या लिही: किती बाया निवडायला, किती माणसे भरायला, वर्षातले किती महिने काम. त्यातला हिशेब अजून पुरा व्हायचा आहे, आणि मृगबागेच्या लावणीआधी तो पुरा करून द्यायचे मी कबूल केले आहे.